आधी रेडिओ दाखवा

वरंध खोऱ्यासाठी कम्युनिटी रेडिओ काढायचा तर थेट डिजिटलच काढा, एफएम आता म्हातारं झालं, असं सांगणारे एक गृहस्थ परवा महाडच्या बैठकीत भेटले. म्हणे एका लहरीवर तीन कार्यक्रम बसतात, वीज कमी लागते, आवाज काचेसारखा येतो आणि जग तिकडेच चाललंय. हे सांगताना ते दोनदा मोबाइलला रेंज शोधायला खिडकीपाशी गेले, ते असो.

एक कार्यक्रम रोज भरताना जीव मेटाकुटीला येतो. तीन कोण भरणार? विजेचं म्हणाल, तर आपल्याला परवानगीच १०० वॅटची. त्यातून वाचून वाचणार किती?

काचेसारख्या आवाजाचं मात्र मी सोडणार नाही. वरंधला आत्याच्या पडवीत खुंटीला ट्रान्झिस्टर आहे, आतोबांनी मुंबईहून आणलेला. मागचं झाकण हरवलंय, सेल रबरबँडने दाबून धरलेत, एरियलच्या जागी तांब्याची तार. डिजिटल लहर त्यात आली तर ऐकू येईल ती नुसती खरखर. त्यासाठी रेडिओच वेगळा लागतो. महाडच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. एकाने ब्लूटूथ स्पीकर पुढे केला, दुसऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, तिसऱ्याने चहा पाजला. आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम, म्हणजे डिजिटल, ट्रान्समीटर बसवून बरीच वर्षं झाली. ते ऐकण्याची सोय आहे ती मुख्यतः नव्या मोटारींत. आमच्या वाडीवर येते ती एसटी.

आता पैसा. कम्युनिटी रेडिओच्या २०२४च्या नियमांनी तासाला १२ मिनिटं जाहिरातींना दिली, सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ७४ रुपये ठरवला. सगळी मिनिटं भरली तर तासाला ५,३२८ रुपये, तेही कागदावर. ज्या लहरीला कानच नाहीत तिच्यावर बिरवाडीचा खतवाला जाहिरात देईल कशाला? आणि श्रोत्याने फुकट ऐकायच्या रेडिओसाठी आधी हजारोंचं यंत्र घ्यायचं, हे फुकट कसलं?

याच विचाराच्या मंडळींशी मी रेशनच्या अंगठ्याच्या यंत्रावरून भांडलो होतो. तेव्हाही जग पुढे चाललं होतं, आणि आमच्या म्हाताऱ्या रेंजसाठी टेकाडावर.

जगाचंच काढलंत म्हणून सांगतो. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण छोटी स्थानिक केंद्रं एफएमवरच ठेवली. आपल्या ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी सुचवली ती मुंबई-पुण्यासारखी १३ शहरं. त्यात पोलादपूर नाही.

मग करायचं काय? साधं एफएम, ३० मीटरपर्यंतचा मनोरा, बॅटरी, सोलर. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी अशीच साध्या एफएमवर चालते. डोंगराआडच्या काही वाड्या सुटतील, हे कबूल. पण जुलै २०२१ मध्ये महाड पाण्यात होतं, तळिये गावावर दरड आली, ८० हून अधिक माणसं गेली, तेव्हा वीज नव्हती, फोन नव्हते. सेलवरचा रेडिओ चालला असता. पण त्यावर सावित्री नदीची पातळी सांगणारं आपलं केंद्र नव्हतं.

तेव्हा गृहस्थहो, पुढच्या बैठकीला येताना अंदाजपत्रकात एक रकाना वाढवून आणा: श्रोत्यांचे रेडिओ, नग किती, पैसे कोणाचे.