चूक कार्यालयाची, वसुली शिपायाची?

वेतननिश्चिती तपासताना आपणांस जादा रक्कम अदा झाल्याचे आढळले, ती भरावी, नाहीतर पगारातून कापली जाईल. अशा आशयाचा कागद आला की आपली माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून सही करतात. काही जण म्हणतात, "आपल्या हक्काचा पैसा नव्हता ना, मग हराम कशाला खायचा? भरून मोकळं व्हा."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. या दुसऱ्या सल्ल्याशी माझं भांडण आहे, कारण तो प्रामाणिकपणाचा वेश घालून येतो.

आपली वेतननिश्चिती आपण करत नाही. मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतात, कार्यालयातला लिपिक आकडे मांडतो, अधिकारी सही करतो, पडताळणी पथक सेवापुस्तकावर शिक्का मारतं. मग आठ-दहा वर्षांनी लेखापरीक्षणात किंवा पेन्शनचे कागद निघाले की एक वेतनवाढ चुकीची लागल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं. महिन्याला 1,400 रुपयांचा फरक आठ वर्षांत 1,34,400 होतो, महागाई भत्ता वेगळा. हा पैसा कुणी तिजोरीत ठेवलेला नसतो. तो घरभाड्यात, मुलांच्या फीमध्ये, अम्मीच्या औषधात गेलेला असतो. ज्यांना कर लागतो त्यांनी त्यावर करही भरलेला असतो. सही करणारा साहेब मात्र तोवर बदलून गेलेला असतो. त्याला कुणी कागद पाठवत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं हे ओळखलं आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयानं वसुली कधी करता येणार नाही ते सांगितलं: वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळालेले, वरच्या पदाचं काम करून घेऊन त्याचा पगार दिलेले, आणि जिथे वसुली अन्यायाची, जाचक ठरेल अशी इतर प्रकरणं. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक वर्ग 3 मध्येच मोडतात. केरळमध्ये 1999 साली निवृत्त झालेले मुख्याध्यापक थॉमस डॅनियल यांच्याविरुद्धची वसुलीही याच न्यायालयानं 2022 मध्ये रद्द केली. त्यांनी काही लपवलं नव्हतं, चूक कार्यालयाची होती.

"पण हा करदात्याचा पैसा आहे" असं कुणी म्हणेल. 2012 च्या चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात न्यायालयानंही तसंच म्हटलं होतं आणि शिक्षकांकडून बारा हप्त्यांत वसुली होऊ दिली होती. मला तो मुद्दा मान्य आहे. ज्यानं खोटं प्रमाणपत्र देऊन वेतनवाढ घेतली, त्याच्याकडून पैसा घ्याच. पण करदात्याची काळजी असेल तर चुकीची सही करणाऱ्याची चौकशी का होत नाही? नुकसान नेहमी सगळ्यात खालच्या माणसाच्या ताटातूनच का भरून निघतं?

दुसरी अडचण हमीपत्राची. वेतन आयोगाच्या वेळी "जादा रक्कम आढळल्यास परत करीन" असं लिहून घेतात. 2016 च्या जगदेव सिंग निकालात अशा हमीपत्राला वजन मिळालं. पण ते न्यायिक अधिकारी होते, वर्ग 3 चे कर्मचारी नव्हते. हा फरक आपल्या उत्तरात लिहायला विसरू नका.

राहिला हरामचा सवाल. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, आणि 280 व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यायला. म्हणजे मागणाऱ्यावरही जबाबदारी आहे. ज्यानं हिशोब दाखवला नाही, मुदत दिली नाही, त्याच्यापुढे मान तुकवण्याला मी तक्वा म्हणणार नाही.

म्हणून कागद आला की त्याच दिवशी सही करू नका. महिनावार तक्ता मागा. कोणत्या शासन निर्णयानुसार चूक ठरली आणि मूळ निश्चिती कुणी केली, हे लेखी विचारा. सेवापुस्तकाची प्रत दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढचा पगार दुरुस्त करायला हरकत घेऊ नका, पण मागच्या वसुलीला लेखी हरकत घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नवं हमीपत्र देऊ नका. तरीही पगार कापला, तर एकाच कारणानं अडकलेल्या चार-पाच जणांनी मिळून उच्च न्यायालयाचा वकील गाठा, खर्च वाटला जातो.

आणि शाळेतल्या शिपाईचाचांना असा कागद आला, तर त्यांना आधी वाचून दाखवा. निवृत्तीच्या तोंडावर ग्रॅच्युइटी अडकेल या भीतीनं सगळ्यात आधी तेच सही करतात, आणि रफीक मसीहचा निकाल सगळ्यात जास्त त्यांच्याच बाजूनं आहे.