रोजची भाकर

मुलामुलींनो,

सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘आई रोज रात्री पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायला लावते. मी वाचते, पण मन लागत नाही. शब्द डोक्यावरून जातात. मग अशा वाचण्याचा उपयोग काय?’

प्रश्न प्रामाणिक आहे. ‘असं बोलू नये’ म्हणून दडपून टाकण्यासारखा तर मुळीच नाही. कारण कंटाळ्याची गोष्ट खुद्द शास्त्रातच आहे! मिसर देशातून सुटून इस्राएल लोक रानात आले, तेव्हा त्यांना रोज सकाळी जमिनीवर मान्ना मिळे. निर्गमच्या १६ व्या अध्यायात ही हकीकत आहे. ज्याला जेवढा लागेल तेवढाच गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडत आणि घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. आता गणना हे पुस्तक उघडा. ११ व्या अध्यायात तेच लोक कुरकुरताहेत. रोज रोज काय मान्नाच! मिसरातल्या काकड्या, कांदे, लसूण आठवून ते चक्क रडले. (घरी पुन्हा दोडक्याची भाजी दिसली की आपलं होतं, तसंच की!)

पण त्या मान्नावरच ते रान पार करत होते. रविवारी उपासनेत ऐकलेलं शनिवारपर्यंत पुरवू म्हटलं, तर पुरत नाही. ते रोजच्या रोज लागतं, थोडं का होईना. प्रचलित मराठी शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत ‘भाकर’ हा शब्द आहे, तो मला म्हणूनच फार आवडतो. पक्वान्न नाही, सणावारी व्हायचं नाही. साधी तव्यावरची भाकर.

आता शब्द डोक्यावरून जातात त्याबद्दल. ही तक्रार तुझ्या एकटीची नाही, बाळ. पंडिता रमाबाई संस्कृतच्या केवढ्या विदुषी! पण केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि बायका होत्या. शास्त्राची जड, पुस्तकी मराठी त्यांना कशी कळावी? रमाबाईंनी मग हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि आयुष्याची अखेरची कित्येक वर्षं घालून साध्या मराठीत भाषांतर केलं. छपाईही मुक्तीतच झाली. खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बायका-मुली! काम हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई वारल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झालं. ज्यांच्या जिभेवर श्लोक खेळत होते, त्यांनी दळणकांडण करणाऱ्या बाईला कळेल असे शब्द शोधले, हे मला त्यांच्या विद्वत्तेहूनही मोठं वाटतं.

तेव्हा जड वाटलं तर खुशाल सोपं भाषांतर घे. लेवीयपासून सुरुवात करू नकोस. मार्कचं शुभवर्तमान घे, चारांत सर्वांत छोटं, १६ अध्यायांचं. रोज अर्धाच अध्याय, पण मोठ्यानं वाच. एखादं वचन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. मैत्रिणीशी भांडण झालं असेल, रडू येत असेल, तर १३ वं स्तोत्र काढ. देवाला ‘आणखी किती दिवस?’ असं विचारायची मुभा तिथं आहे.

आणि मन लागलं नाही तरी? येशू रानात ४० दिवस उपाशी होता, तेव्हा सैतानानं त्याची तीनदा परीक्षा पाहिली. तिन्ही उत्तरं त्यानं अनुवाद या पुस्तकातली दिली. हातात काही गुंडाळी नव्हती. कधीतरी पाठ केलेलं त्या दिवशी ओठांवर आलं. पाठ करताना दर वेळी मन उचंबळून येत होतं, असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही.

आता आईबाबांना एक विनंती. ‘अध्याय झाला का?’ असं गृहपाठासारखं विचारू नका, आणि शिक्षा म्हणून तर वचनं कधीच पाठ करायला लावू नका. शेजारी बसा, एक वचन तुम्ही वाचा, एक तिला वाचू द्या. ‘हे मलाही कळलं नाही’ असं एकदा म्हणून तर बघा!

आणि मुली, मार्क आज रात्रीच सुरू कर. कुठल्या वचनाशी अडलीस, ते मला कळव.