अहेरीच्या इतिहासाला परदेश वर्ज्य का?

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीचे नियम बदलले आणि त्यांत एक नवे कलम घातले. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतीय समाज यांविषयीचे संशोधन करण्यासाठी परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे त्या कलमाचे सार होते. कारणही देण्यात आले. या विषयांची साधने, दप्तरे आणि जाणकार मार्गदर्शक देशातच विपुल आहेत. त्यांच्यासाठी बाहेर जाण्याची आवश्यकता नाही. तो पैसा इतर विषयांकडे वळवावा. निषेधाची पत्रके निघाली, वृत्तपत्रांत काही दिवस लिहिले गेले आणि नेहमीप्रमाणे विषय मागे पडला. तो इतक्या सहजासहजी मागे पडण्याजोगा खचित नव्हता.

ही शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलामुलींसाठी ती आहे आणि साऱ्या देशात मिळून वर्षाला तिच्या जागा सव्वाशे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची योजना निराळी आहे. तिच्या जागा वीस असून त्यांतील तीन अतिमागास समजल्या जाणाऱ्या आदिम जमातींसाठी राखीव आहेत. देशात अशा जमाती पंचाहत्तर आहेत आणि गडचिरोलीचे माडिया गोंड त्यांतलेच. तेव्हा २०२२ चे कलम माडिया मुलाला थेट लागू होत नाही. ते लागू होते त्याच्याच गावच्या दलित मुलाला, भूमिहीन मजुराच्या मुलीला. पण त्यामागचा विचार मात्र दोघांनाही सारखाच लागू पडतो. तुमचा भूतकाळ अभ्यासण्यासाठी तुम्हाला दूर जाण्याचे कारण नाही, असा तो विचार आहे. तो अहेरीसारख्या गावी बसून तपासून पाहण्यासारखा आहे.

मंत्रालयाचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक पुण्याच्या पेशवे दप्तरात जन्म घालवू शकतो. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, नागपूरचा दप्तरखाना आणि कित्येक संस्थानांची दप्तरे अजून नीट चाळली गेलेली नाहीत. हे सारे खरे. परंतु अहेरी ही पुणे नव्हे. एखाद्या प्रदेशाची राजवट जितक्या वेळा बदलते, तितक्या ठिकाणी त्याचे कागद विखुरतात, आणि चांद्याच्या या जंगलाच्या वाट्याला आलेले फेरबदल थोडेथोडके नाहीत. चांद्याचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांकडे गेले. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. दक्षिणेचा सिरोंचाचा मुलूख निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आला, ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचे ठाणे झाला आणि १८७४ मध्ये तो जिल्हा मोडल्यावर चांद्याला जोडला गेला. त्याच जिल्ह्याचा भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला. प्राणहितेच्या पलीकडे निजामाचे राज्य १९४८ पर्यंत होतेच. जमीनदारी १९५१ मध्ये नष्ट झाली तेव्हा अहेरी मध्य प्रदेशात होती. १९५६ मध्ये ती मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये नव्या गडचिरोली जिल्ह्यात. म्हणजे या एका तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला नागपूर, भोपाळ, हैदराबाद, चेन्नई आणि दिल्ली इतकी गावे पालथी घालावी लागतील. आणि त्यानंतर लंडन.

लंडन कशासाठी? इंग्रजी राज्याची रीत अशी होती की, इथल्या सरकारच्या कामकाजाच्या प्रती नियमाने विलायतेला रवाना होत. इंडिया ऑफिसचे हे दप्तर १९८२ मध्ये, योगायोगाने गडचिरोली जिल्हा झाला त्याच वर्षी, ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यात आले. त्याची फडताळे एकापुढे एक मांडली तर सुमारे चौदा किलोमीटर होतात, असे सांगतात. इथले मूळ कागद वाळवीने खाल्ले, पावसाने भिजले किंवा राज्यांच्या वाटण्यांत हरवले, त्यांची प्रत तिथे सापडण्याचा संभव असतो. शिवाय खाजगी कागद, मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार, अधिकाऱ्यांनी पेन्शनीत जाताना बरोबर नेलेली टिपणे ही तर इथे कधी नव्हतीच.

अठराशे अठ्ठावन्नचे प्रकरण घ्यावे. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी त्या वर्षी गोंड, माडिया आणि रोहिल्यांची फौज उभारून चांदा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. मार्चमध्ये नांदगाव-घोसरीला लढाई झाली, एप्रिलअखेर चिंचगुंडीजवळ तार खात्याचे दोन इंग्रज नोकर मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला बळाने बाबुराव हाती लागेनात, तेव्हा त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकडे रोख वळवला. सप्टेंबरमध्ये बाबुरावांना पकडून देण्यात आले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. व्यंकटरावांची जमीनदारी जप्त होऊन लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

एवढे प्रत्येक शाळामास्तर सांगतो. २००९ मध्ये टपाल तिकीट निघाले, पुतळे झाले, दरवर्षी जयंत्या होतात. परंतु खरे प्रश्न इथूनच सुरू होतात. लक्ष्मीबाईंवर कोणता दबाव होता? त्यांची स्वतःची जमीनदारी टांगणीला लावली गेली होती काय? सरकारी कागद त्यांना राजनिष्ठ म्हणतो, लोकांची जीभ फितुर म्हणते. एका विधवेचा, चहूकडून कोंडल्या गेलेल्या संस्थानाचा विचार या दोहोंपैकी कोणीच केलेला नाही. मोलमपल्लीच्या मागे गोंड का गेले? जमीनदारावरील निष्ठेने, जंगलावर नवे निर्बंध येणार या धास्तीने, की महसुलाच्या नव्या पद्धतीने? जयंतीच्या भाषणात याची उत्तरे मिळत नाहीत. ती क्रिक्टनने वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रांच्या ओळींमधून, १८६९ च्या जमाबंदी अहवालाच्या तक्त्यांतून आणि गोंडी गाण्यांतून मिळून काढावी लागतात. त्यासाठी कागद तर हवेतच; पण कागदाला प्रश्न कसा विचारावा, याचे शिक्षण त्याहून अधिक हवे.

मंत्रालयाच्या युक्तिवादातील खरे वैगुण्य इथे आहे. इतिहास म्हणजे साधनांचा साठा आणि साठा जिथे आहे तिथे विद्यार्थी बसवला की अभ्यास झाला, अशी त्यामागची कल्पना दिसते. रसायनाचा विद्यार्थी परदेशी जातो तो तिथले गंधकाम्ल वेगळे असते म्हणून नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी एम. ए. साठी लिहिले ते प्राचीन भारतातील व्यापारावर, आणि मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला तो निबंध भारतातील जातींच्या उगमावर. पुढे लंडनच्या पदवीसाठी विषय घेतला रुपयाचा. जातींविषयी माहिती न्यूयॉर्कमध्ये अधिक होती म्हणून का ते तिथे गेले? महारवाड्यातून आलेल्या मुलाला जातीविषयी जे ठाऊक होते ते अमेरिकेतील एकाही ग्रंथात नव्हते. त्यांना तिथे मिळाली ती या माहितीकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याची मोकळीक, आणि विद्यार्थी म्हणून बरोबरीची वागणूक. २०२२ चे कलम १९१३ मध्ये बडोद्याच्या दरबारी असते, तर जातिसंस्थेवरील तो निबंध ज्या वर्गात वाचला गेला, त्या वर्गात तो विद्यार्थी पोचलाच नसता.

आणि हे केवळ जुने उदाहरण नव्हे. अहेरीच्या शेजारच्या तेलंगणातील लंबाडा समाजातून आलेले इतिहासकार भांग्या भुक्या यांनी इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात डॉक्टरेट केली. हैदराबाद संस्थानातील लंबाडांवरील त्यांचे पुस्तक २०१० मध्ये आले आणि दख्खनच्या गोंडांचा त्यांनी लिहिलेला इतिहास २०१७ मध्ये. प्राणहितेच्या दोन्ही तीरांच्या माणसांचा इतिहास आदिवासी समाजातल्या एका विद्वानाने लिहावा, ही गोष्ट इतकी उशिरा घडली, याचा विषाद वाटला पाहिजे.

कारण त्याआधी या माणसांविषयी लिहिले ते प्रायः बाहेरून आलेल्यांनी. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी आणि चालीरीती टिपल्या. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावल्यावर त्यांचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. बस्तरच्या माडियांवर ग्रिगसनने १९३८ मध्ये लिहिले. आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये ग्रंथ लिहिणारे फ्यूरर-हायमेनडॉर्फ ऑस्ट्रियाचे. महायुद्धामुळे निजामाच्या राज्यात अडकले, तिथेच कामाला लागले आणि पुढे लंडनच्या प्राच्यविद्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांची टिपणे, छायाचित्रे, चित्रफिती आज त्या महाविद्यालयाच्या संग्रहात आहेत. त्याच सुमारास आदिलाबादेत अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून त्यांना ओळखणाऱ्या वाचकांना ही बाजू क्वचितच ठाऊक असते. या सर्वांचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र या ग्रंथांत गोंड आणि माडिया आहेत ते सांगणारे म्हणून. लिहिणारा दुसराच आहे. अलीकडच्या महाराष्ट्राचेही तेच. आंबेडकरी चळवळीवर एलिनॉर झेलियट यांनी पेन्सिल्व्हेनियात, ब्राह्मणेतर चळवळीवर गेल ऑम्वेट यांनी बर्कलीत प्रबंध लिहिले. महाराष्ट्राविषयी अमेरिकेत बसून काय लिहिणार, असे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांचे ग्रंथ आपल्या विद्यापीठांत आदराने वाचले जातात. हाच विषय घेऊन त्याच विद्यापीठात इथल्या मजुराचा मुलगा जाऊ म्हणाला, की मात्र गरज नसल्याचा साक्षात्कार होतो.

पुन्हा हे बंधन कोणाला? बापाच्या पैशाने ऑक्सफर्डला जाणाऱ्याला मोगलांवर लिहिण्यास किंवा वेदकाळावर लिहिण्यास कोणाचीही मनाई नाही. ज्याला सरकारी शिष्यवृत्तीवाचून मार्ग नाही त्यालाच आपल्या समाजाचा इतिहास वर्ज्य. अभियांत्रिकी शिका, व्यवस्थापन शिका, देश तुमच्या पाठीशी आहे. आपल्या आजोबांना वेठीला कोणी धरले ते विचारण्यासाठी मात्र घरीच बसा. असा हेतू कोणी बोलून दाखवला नाही, बहुधा मनातही नसेल. पण नियमाचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. कलम उद्या रद्द झाले तरी अहेरीचा विद्यार्थी परवा लंडनला निघणार नाही. त्याची वाट फार अलीकडे अडते. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांत इतिहास हा विषय निवडला जात नाही, उरतो. विज्ञानाची प्रयोगशाळा नाही, वाणिज्याला शिक्षक नाही, म्हणून कलाशाखा. आणि कलाशाखेत स्पर्धापरीक्षेला उपयोगी म्हणून इतिहास. तो शिकवला जातो तोही मार्गदर्शिकेतून. तीन वर्षांत मूळचे एक पत्र, एक सनद, एक जमाबंदीचा तक्ता विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही. परदेशी विद्यापीठ मागते ते संशोधनाचा आराखडा, इंग्रजीची परीक्षा, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे. आराखडा कसा लिहायचा हे ज्याच्या गुरूलाही कोणी शिकवले नाही, त्याने ते कोठून आणावे? त्यात विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असावे, ही अट. क्रमवारी विद्यापीठाची असते, इतिहास विभागाची नसते. पण अर्ज तपासणाऱ्याला अंक सोपा पडतो.

शिवाय लंडनने द्यावे अशा गोष्टी मर्यादितच आहेत. मोडी, तेलुगू, फारसी यांची तयारी इथूनच करून जावी लागते आणि गोंडी व माडिया तर शिकवून येण्याची भाषाच नव्हे, ती घरातून आणावी लागते. जुन्या इंग्रजी कागदांत अहेरीचे नाव ‘अहिरी’ असे येते; खेडी, नद्या, माणसे यांची नावे तर ऐकणाऱ्या साहेबाच्या कानाला जशी वाटली तशी लिहिलेली. त्यांतून खरे गाव कोणते, हे सेंट पँक्रसच्या वाचनकक्षात बसलेल्या इतर कोणाहीपेक्षा प्राणहितेकाठचा मुलगा चटकन ओळखील. त्याचे भांडवल हे आहे, आणि नियम करणाऱ्यांना नेमके तेच दिसत नाही.

ज्या जिल्ह्याची अडतीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, त्या गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. केंद्राच्या कलमाविरुद्ध ठराव करणे सोपे. राज्य सरकारने आणि या विद्यापीठाने मनावर घेतले तर त्याहून उपयोगी कामे पुष्कळ आहेत. चांदा जिल्ह्याविषयीच्या लंडन, भोपाळ आणि हैदराबाद येथील कागदांच्या छायाप्रती गडचिरोलीत आणता येतील. मोडी आणि तेलुगूचे वर्ग पदवीपासूनच सुरू करता येतील. वर्षाला चार-पाच विद्यार्थी निवडून त्यांना दोन वर्षे इंग्रजी लेखनाची आणि संशोधन-आराखड्याची तयारी करून देता येईल, आणि राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत त्यांच्यापुरत्या काही जागा इतिहास व मानववंशशास्त्राला राखून ठेवता येतील. केंद्राने आपले कलम मागे घ्यावे, ही मागणी त्याबरोबर चालू राहिलीच पाहिजे. मात्र ती मागणी करणाऱ्यांच्या अर्जात अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा येथील एखाद्या प्रत्यक्ष विद्यार्थ्याचे नाव आणि त्याचा विषय असेल, तर मंत्रालयाला उत्तर देणे अधिक अवघड जाईल.