इमर्जन्सी दरवाजाजवळची सीट गुडघेदुखीसाठी नसते

मुलं परदेशात असलेल्या आईवडिलांची तिकिटं निघाली की माझ्याकडे एक ठरावीक मागणी येते. "डॉक्टर, गुडघे दुमडून फार वेळ बसवत नाही. पाय पसरता येतील अशी सीट मिळावी म्हणून एक चिठ्ठी द्या." यात गैर काहीच नाही. पण लगेच पुढचं वाक्य येतं, "ती इमर्जन्सी दरवाजाजवळची हवी, तिथे ऐसपैस जागा असते." त्या सीटसाठी मी चिठ्ठी देत नाही. बरेच जण नाराज होतात, म्हणून कारण इथे लिहून ठेवतो.

ती मोकळी जागा पाय पसरण्यासाठी सोडलेली नसते. ती वाट असते. पूर्ण भरलेलं विमान, निम्मेच दरवाजे वापरून, ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे विमान बनवणाऱ्या कंपनीला सिद्ध करावं लागतं. तेवढ्या वेळात सगळे बाहेर पडायचे तर दरवाजाशी बसलेल्या माणसाला चपळपणे उठता आलं पाहिजे.

ऑगस्ट १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावर एका बोइंग ७३७ विमानाने उड्डाणाच्या धावेतच पेट घेतला. विमान जमिनीवरच थांबलं होतं, तरी १३७ पैकी ५५ जण दगावले, आणि त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. पंखावरच्या दरवाजाशेजारी बसलेल्या प्रवासी महिलेला तो उघडेना. शेवटी दरवाजा सुटला तो आत, तिच्याच अंगावर पडला. त्याचं वजन सुमारे २२ किलो होतं. तो बाजूला करण्यात मोलाचा वेळ गेला. या अपघातानंतर ब्रिटनमध्ये अशा दरवाजांपाशी जास्त जागा सोडणं बंधनकारक झालं. ज्या जागेला आपण 'लेगरूम' म्हणतो तिच्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए-३२० विमानात पंखावरचा दरवाजा साधारण १५ किलोचा असतो. म्हणजे घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरएवढा. तो ओढून सुटा करायचा, उचलायचा आणि बाहेर फेकायचा, तेही घाबरलेल्या माणसांच्या रेट्यात. सांधा बदललेला माणूस, गरोदर बाई, तान्हं बाळ घेतलेली आई, कमी ऐकू येणारे आजोबा यांना ती सीट देत नाहीत, यात त्यांचा अपमान नाही.

मला खटकतो तो विरोधाभास. चिठ्ठी मागताना "उठताना आधार लागतो" म्हणणारा माणूस विमानात हवाईसुंदरीने "गरज पडल्यास मदत कराल ना?" विचारलं की "हो, हो" म्हणून मान डोलावतो. मागे दीडशे माणसं त्या 'हो'च्या भरवशावर बसलेली असतात.

अर्थात जास्त दोष मी विमान कंपन्यांना देईन. संकेतस्थळावर ही सीट 'जादा लेगरूम' म्हणून, किंमत लावून विकली जाते. अटी कुठेतरी खाली बारीक अक्षरांत, त्यापुढे एक चौकोन, आणि तो कोण वाचतो? औषधाच्या पाकिटावरचंही कुणी वाचत नाही. पैसे घ्यायला माझी हरकत नाही. पण पैसे घेण्याआधी चार साधे प्रश्न विचारावेत: वय किती, हातापायांत ताकद आहे का, ऐकू-दिसायला नीट येतं का, सोबत लहान मूल आहे का. विमानात चढल्यावर सत्तरीच्या माणसाला सर्वांसमोर उठवणं त्याच्यासाठी फार लाजिरवाणं असतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्याचा पाय खरोखरच दुमडत नाही, त्याला जागा मिळालीच पाहिजे, आणि तीही जादा पैसे न मोजता. अमेरिकेच्या नियमात हे स्पष्ट आहे: गुडघा जखडलेला असेल किंवा प्लास्टरमुळे पाय सरळच ठेवावा लागत असेल, तर कंपनीने त्याच वर्गात सर्वात पुढची किंवा जास्त जागेची सीट, पायाला सोयीच्या बाजूची, द्यायची. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना तुमचा पाय असा असेल तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवा. अशी चिठ्ठी मी आनंदाने देतो. नुसती गुडघेदुखी मात्र त्यात बसत नाही.

आता रक्ताच्या गुठळीबद्दल, कारण खरी भीती बहुतेकांना तीच असते. चार तासांहून लांबच्या प्रवासाने पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सुमारे ६,००० प्रवासांत एक इतकाच राहतो. 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' या नावामुळे दोष अरुंद सीटचा वाटतो. खरा दोष न हलण्याचा आहे, म्हणून बस आणि रेल्वेतही हा धोका असतोच. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्यांना उठवायच्या संकोचाने तासन् तास जागचा हलत नाही, त्याला धोका जास्त. ६ फूट ३ इंचांहून उंच माणसांना धोका अधिक असतो हे पटकन पटतं, पण विमानप्रवासात सव्वापाच फुटांहून बुटक्या व्यक्तींनाही तो अधिक आढळला आहे. पाय लोंबकळतात आणि सीटची कड मांडीला रुतते, हे त्याचं एक कारण असावं. आपल्याकडच्या कितीतरी आज्या याच उंचीच्या. त्यांना पुढे मोकळी जागा मिळून काय उपयोग? पायाखाली छोटी बॅग ठेवली तर जास्त फायदा. इमर्जन्सी दरवाजाशी तर उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी बॅग ठेवूही देत नाहीत.

गुडघेदुखीवाल्यांनी मधल्या वाटेकडची सीट मागावी. तीन-तीन सीटच्या विमानात उजवा गुडघा दुखत असेल तर 'सी', डावा दुखत असेल तर 'डी'. म्हणजे दुखरा पाय वाटेत सरळ करता येतो. जेवणाची गाडी आली की तेवढा आत घ्यायचा, नाहीतर तीच घोट्यावर आपटते. त्या बाजूचा हात ठेवायचा दांडा बऱ्याच सीटवर खालची कळ दाबल्यावर वर उचलला जातो. हवाईसुंदरीला दाखवायला सांगा. दरवाजाजवळच्या आणि पहिल्या रांगेतल्या सीटचे दांडे मात्र बहुधा पक्के असतात, कारण जेवणाचा ट्रे त्यांच्यातच असतो. मांडी सरकवून उठणाऱ्याला ते अडचणीचंच.

दर तासाला उठून फेरी मारा, बसल्या जागी पावलं वरखाली करत राहा. आधी गुठळी झालेली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधी भेटा. लागले तर गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे मापाप्रमाणे लिहून देता येतात. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. गुडघा बदलल्यावर पहिले तीन महिने लांबचा विमानप्रवास शक्यतो टाळा. आणि व्हीलचेअर किंवा इतर मदत लागणार असेल तर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा.