दादीचे दुखणे आणि गोव्याचा ‘दिल’

घरातल्या बुजुर्गांना ‘मन उदास आहे का?’ असे विचारले, तर बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते. दादी म्हणते, झोप लागत नाही. नाना म्हणतात, अंगात त्राण नाही. सरकारी दवाखान्यात रांग मोठी, डॉक्टरांकडे वेळ थोडा. मग ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि घरी आल्यावर ‘सबर करा’ हा सल्ला. सबर फार मोठी गोष्ट आहे, पण रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला औषध म्हणून तेवढेच देणे मला पटत नाही.

गोव्यात डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढच्या १८१ जणांवर एक प्रयोग केला. या मंडळींना नैराश्याचा आजार जडलेला नव्हता, पण त्याची चाहूल लागली होती. प्रयोगाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून शब्द झाला ‘दिल’! (उर्दू शिकवणाऱ्या बाईला हे आवडणारच.)

त्यातील समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. ती उपदेश करत नसत. अडचणींपैकी एक निवडायची, तिच्यावरचे उपाय बुजुर्गांनाच सुचवू द्यायचे, त्यातला झेपेल तो करून पाहायचा आणि पुढच्या भेटीत काय झाले ते बोलायचे. समजा, गुडघ्यामुळे नानीचे बहिणीकडे जाणे बंद झाले. तर गुडघा बरा होईपर्यंत थांबायचे, की जुम्याला बहिणीलाच बोलवायचे? एवढी साधी बाब, पण ठरवायची नानीने. सुनेने किंवा मुलाने नव्हे. आपल्याकडे नेमके इथेच अडते.

जोडीला झोपेची शिस्त होती. झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडायचे नाही, उठण्याची वेळ रोज एकच. फजरला उठणाऱ्यांना दुसरी गोष्ट सोपी, पहिली अवघड. मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यावी आणि सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवावा, हेही सांगितले जाई. पेन्शनचा अर्ज अडकला असेल तर नुसत्या बोलण्याने काळजी कशी मिटणार?

वर्षभरात ‘दिल’मधल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्य आले, नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तुमच्या केंद्रात अशी सोय आहे का, हे आशाताईंना जरूर विचारा. नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. फोन लावून दादीच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.