कोकम आमचं, बाटली पुण्याची

पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून बीअर काढली, तेव्हा शहरी रसिकांना मोठी नवलाई वाटली. महाड-पोलादपूरकडच्या घरांना त्यात कसलं आलंय नवल? कोकमाची फळं म्हणजे रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालींवर मीठ पेरून बरणी भरायची, रोज लाकडी पळीने हलवायचं, रस सुटला की गाळायचं, झालं आगळ! जर्मनीतल्या गोस्लार गावची गोझं ही आंबट बीअरही मीठ नि धणे घालूनच होते. शहरी रसिकांची दुसरी नवलाई म्हणजे लाकडी पिंपात बीअर मुरवण्याची चैन, तीसुद्धा मुळात काटकसरीचीच. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला आतून जाळलेलं ओकचं नवंकोरं पिंप कायद्यानेच लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं बीअरवाले घेतात. काळी, दाट स्टाउट त्यांत महिनोन्‌महिने मुरते. लाकडाचा व्हॅनिलासारखा वास आणि व्हिस्कीचा अंश तिच्यात उतरतो. पिंपं मोजकी, म्हणून बाटल्या मोजक्या आणि भाव चढा. इकडे पोलादपूरच्या वरकस जमिनीतली नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून आपण बाळाला सत्त्व भरवतो. बीअरला लागणारा बार्लीचा माल्टही याच पायऱ्यांनी होतो. आणि बीअरला चालण्याजोगी करवंदं तर पहिल्या पावसाबरोबर रानातच सडतात. प्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बीअरवाल्यांनो, बाटलीवर फळाचं चित्र छापता, तसं ते ज्या गावातून आणलं त्याचं नावही छापा, आणि दर ठरवायला थेट त्या गावात या.