समजूतदारपणाची किंमत

विशेष मुलांच्या शाळेत पालकसभा भरते तेव्हा बाहेरच्या बाकावर बहुधा एखादी आठ-दहा वर्षांची मुलगी गृहपाठाची वही घेऊन बसलेली दिसते. आत चर्चा चालते ती तिच्या भावाची. त्याच्या झटक्यांची, औषधांची, व्यायामाची. तिची चौकशी कोणी केलीच, तर "ती फार समजूतदार आहे हो," एवढ्या एका वाक्यात तिचा विषय संपतो.

हा समजूतदारपणा वयाचा नव्हे, परिस्थितीने लादलेला असतो. सहल रद्द झाली तरी ती रडत नाही. कमी गुण मिळाल्याचे घरी सांगत नाही; आईला आणखी ताप नको. वर्गातील मुले भावाची नक्कल करतात तेव्हा तिला लाज वाटते आणि लाज वाटली म्हणून रात्री स्वतःचाच राग येतो. हे बोलावे कोणापाशी? आपल्यालाही हा आजार होईल काय, आपल्याच हातून काही चुकले काय, अशा शंका लहान मुले वर्षानुवर्षे मनात बाळगतात. तिला समजेल अशा भाषेत भावाचे दुखणे सांगणे हे वडिलांना अवघड नाही. सुचत मात्र नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांच्या भावंडांची मोजदाद कोण करणार? 2016 च्या कायद्याने काळजीवाहकांच्या व्याख्येत कुटुंबीयांना स्थान दिले, हे योग्यच. परंतु काळजी घेणारे हे मूल स्वतःही मूलच असते. अमेरिकेत डॉन मेयर यांनी अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले. तेथे मुले मुख्यतः खेळतात, खातात आणि आपल्यासारखेच दुसरे कोणी आहे, हे पाहतात. आपल्याकडे एखाद्या विशेष शाळेला महिन्यातील एक रविवार यासाठी देण्यास फारसा खर्च येणार नाही.

सर्वांत जड ओझे मात्र "आमच्यानंतर तूच" या शब्दांचे असते. दहा वर्षांच्या मुलीला हे ऐकवणे अन्यायाचे आहे, मग तो कितीही मायेने होवो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. आई-वडील आपल्या पसंतीच्या व्यक्तीसाठी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करू शकतात. ती व्यक्ती बहीणच असली पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तिने पुढे आपणहून होकार दिला तर आनंदच. पण तो सज्ञान झाल्यावर, आणि नकार देण्याची मोकळीक असताना.